डाग तुमच्या खुशीचा

माझ्या डाव्या मनगटावरचा पांढरा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तो घड्याळाच्या पट्ट्याखाली होता. म्हणजे बरेच दिवस तो तिथे होता आणि मी त्याच्यावर घड्याळ बांधून शाळेत शिकवायला वेळेवर पोचत होते. आंघोळीआधी घड्याळ काढलं, पट्ट्याचा वळ असेल म्हणून चोळलं, तर तो अधिकच स्वच्छ दिसायला लागला. चिंचोक्याएवढा होता आणि खालच्या बाजूला त्याला एक टोक होतं. आईला दाखवला. आईनं आधी दार लोटलं, मग चष्मा लावला आणि मग विचारलं, कुणी बघितला का?

लालबागच्या आमच्या चाळीत दिवसा दार लोटलं म्हणजे घरात एकतर भांडण असतं नाहीतर आजार, आणि भांडणाचा आवाज आला नाही की काय उरतं ते सगळ्यांना कळतं. आईनं गुपित राखायला जे केलं त्यानंच निम्मा मजला सावध झाला. संध्याकाळी शेजारच्या काकी वाटीभर विरजण मागायला आल्या आणि मला डोक्यापासून पायापर्यंत बघून विरजण न घेताच गेल्या.

ह्या आजाराला मराठीत कोड म्हणतात. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. आई त्याला 'ते' म्हणायची. 'ते' आज कसं आहे, 'ते' वाढलं तर नाही ना, 'त्याला' काही लावलंस का. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, त्यातलाच प्रकार. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वडील गेल्यापासून आमच्या घरचा कारभार तिच्याकडे. तिनं तर कारणही शोधून काढलं. मासे आणि दूध एकत्र पोटात गेलं. आम्ही मालवणकडचे. माशांच्या कालवणात नारळाचं दूध ओतूनच आमच्या पिढ्या वाढल्या, तेव्हा ह्या न्यायानं आमचा अख्खा तालुका पांढरा व्हायला हवा होता. आत्या म्हणाली, नारळाचं दूध दुधात धरत नाहीत.

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी जायला लागले तिथली त्वचेची डॉक्टर माझ्याहून वयानं लहान होती. भराभर बोलायची, आणि बोलताना मध्येच डब्यातला एक घास खाऊन घ्यायची. तिनं तो शब्द पहिल्याच भेटीत, दार उघडं असताना, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारला. कोड. कुष्ठरोग नाही, संसर्ग नाही, हात लावल्यानं कुणाला होत नाही, माशांचा काही संबंध नाही. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी असतात, त्यांचा गैरसमज झालाय, त्या तुमच्याच रंग तयार करणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारतायत. असे आजार पुष्कळ आहेत, ती म्हणाली, कुणाचे सांधे धरतात, कुणाचं थायरॉइड, तुमचा रंग धरला. मला जरा बरं वाटलं. आपल्या घरात गैरसमजानं काही घडलं हे मला लगेच पटण्यासारखं होतं.

तिनं मलम दिलं, घड्याळ बंद केलं. त्या जागी काही घासू द्यायचं नाही, पट्टा नाही, घट्ट बांगडी नाही. जिथे घासतं तिथे हा आजार वाढतो. आणि आठवड्यातून दोनदा 'लाइटला' यायचं. लाइट म्हणजे निळसर नळ्यांची एक पेटी. तिच्यात हात घालून, डोळ्यांना काळा चष्मा लावून बसायचं. शाळा सुटली की मी तिकडे जायची. रांगेत माझ्यासारखीच माणसं असायची, पण सगळे आपापला भाग झाकून आणि दुसऱ्याचा भाग निरखून बसलेले. कुणाच्या ओठाला, कुणाच्या पापणीला. मनगटावर असणं हे त्या रांगेत भाग्याचं समजलं जायचं.

काही महिन्यांनी डागात बारीक तपकिरी ठिपके उमटले. डॉक्टर म्हणाली, केसांच्या मुळाशी काही रंगपेशी दडून राहिलेल्या असतात, त्या वर यायला लागल्या. मग ठिपक्याला ठिपका मिळत गेला आणि वर्ष उलटल्यावर मनगट एकरंगी झालं. डॉक्टरनं बजावलं, लाइट एकदम बंद करू नका, परत येऊ शकतं. पण घरात तिचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. आई आणि आत्या स्थळं बघायला लागल्या होत्या, आणि लाइटला जाणाऱ्या मुलीला स्थळ कसं दाखवणार? मी लाइट बंद केला.

स्थळ दादरचं आलं. मुलगा वडाळ्याला एका कंपनीत कामाला, वडील निवृत्त, आई हसतमुख. मूळचे आमच्याच बाजूचे, पण दादरला राहून जरा पॉलिश झालेले. मी एकच अट घातली. आधी सांगायचं. आता काही दिसत नाही हे खरं, पण होतं हे सांगायचं आणि पुन्हा येऊ शकतं हेही. उद्या कुणी माझा हात उजेडात धरून बघावा आणि मग माझ्याकडे बघावं, हे मला नको होतं. आई म्हणाली, दिसत नाही ते कशाला दाखवायचं. आत्यानं मात्र माझी बाजू घेतली. फसवाफसवी तिला आवडत नसे. ती म्हणाली, मी जाते, मी सांगते.

आत्या घरात मालवणी बोलते. पण दादरला जायचं म्हटलं की ती साडीबरोबर भाषेलाही इस्त्री करते. तिनं त्यांच्या हॉलमध्ये बसून काय सांगितलं ते तिनं आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "मुलीच्या हाताला एक डाग आहे बरं का. वरवर दिसत नाही. पण आम्ही काही लपवून ठेवत नाही."

"मगे? ती बाई काय म्हणाली म्हायती आसा?" आत्या आईकडे बघत म्हणाली. "म्हणाली, डाग काय, तो तुमच्या खुशीचा. आम्ही माणूस बघतो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी नास्तिक नाही, पण देवावर फार भारही टाकत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी देव्हाऱ्यासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले.

पुढचे चार महिने मी फार सुखात होते. मुलगा चांगला होता, दोनतीनदा आम्ही भेटलो, पण खरं सांगायचं तर मी त्याच्या आईच्या प्रेमात पडले होते. रस्त्यानं चालताना मला ते वाक्य आठवायचं. माणसाच्या अंगावर जे आहे ते त्याच्या खुशीचं, आम्ही माणूस बघतो. एवढं शिकलेल्या डॉक्टरलाही असं सुचलं नव्हतं. एकदा मी मुलाला म्हटलं, माझ्या हाताचं तुमच्या कानावर आलंच असेल. तो म्हणाला, हो, आई म्हणाली काहीतरी, ते बायकांचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यात काही प्रॉब्लेम नाही. मला वाटलं, काय संस्कार आहेत. मी बाही वर करून हिंडायला लागले. शाळेत फळ्यावर लिहिताना डाव्या हातात डस्टर असायचं आणि मला पहिल्यांदाच त्या हाताची आठवण यायची नाही.

त्याच काळात डाग परत आला. त्याच जागी, चिंचोक्याएवढा, आणि खालच्या बाजूला तेच टोक. जुना फोटो मोबाइलमध्ये होता तो शेजारी धरून बघितला. तंतोतंत. मी घाबरले नाही. घाबरायचं कशाला, त्यांना माहीत होतं. पण माझी उत्सुकता चाळवली. एवढं मोठं अंग सोडून हा नेमका तिथेच कसा येतो, आणि टोकासकट?

डॉक्टरनं फोटो बघितला, मनगट बघितलं आणि तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"ताई, रंग परत आला म्हणजे त्या पेशी गेल्या असं नाही. त्या तिथेच होत्या."

मग तिनं समजावून सांगितलं. रक्षण करणाऱ्या पेशींपैकी बऱ्याचशा रक्तातून फिरत असतात. गडबड झाली की येतात, लढतात, मरतात नाहीतर निघून जातात. पण त्यातल्या काही जिथे लढल्या तिथेच, कातडीतच, राहून जातात. पुन्हा रक्तात उतरत नाहीत. शत्रूचा चेहरा लक्षात ठेवून त्याच जागी वर्षानुवर्षं बसून असतात. इंग्रजीत त्यांना रेसिडेंट मेमरी सेल म्हणतात. एरवी ही सोय चांगली. एखादा विषाणू पुन्हा त्याच वाटेनं शिरला तर बाहेरची कुमक यायच्या आधी ह्या त्याला गाठतात. पण तुमच्या बाबतीत शत्रू म्हणून चेहराच चुकीचा लक्षात राहिलाय. लाइटनं त्या गप्प बसल्या होत्या. लाइट थांबला, समोर नव्या रंगपेशी दिसल्या, त्यांनी ओळखलं, हाका मारून बाहेरच्या आणखी पेशी बोलावून घेतल्या आणि काम पुन्हा सुरू केलं. सोरायसिसवाल्यांचंही असंच होतं, ती म्हणाली, बरं होतं आणि परत येतं ते त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर.

रेसिडेंट म्हणजे रहिवासी. आमच्या जिन्याखाली 'रहिवासी संघ' असा बोर्ड आहे. चाळ पाडून टॉवर बांधायला निघालेले किती बिल्डर आले आणि गेले, पण रहिवासी हलले नाहीत, आणि मधल्या काळात चाळीला बाहेरून दोनदा रंगही लावून झाला. तेव्हा रंग नवा झाला म्हणून आतले रहिवासी बदलत नाहीत हे मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, ह्यांना बाहेर नाही का काढता येत? ती म्हणाली, त्यांना तिथे जगवणारा एक रासायनिक निरोप असतो. तो पोचू दिला नाही तर त्या जातात आणि रंग टिकतो, असं उंदरांमध्ये दिसलंय. माणसांमध्ये अजून बघतायत. म्हटलं, उंदरांचं तरी बरं झालं. तिनं हसून पुन्हा लाइट लिहून दिला आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली. हा आजार पुष्कळदा जोडीनं येतो, डाव्या मनगटाला आला की कधीकधी उजव्यालाही येतो, तेव्हा लक्ष ठेवा.

मी घरी आले तर आत्या आलेली होती, हातात पेढ्यांचा पुडा आणि तोंडावर कोडं. काकूंचा, म्हणजे मुलाच्या आईचा, फोन आला होता. काकू फार प्रेमानं बोलल्या होत्या. पण काय बोलल्या ते आत्याला कळलं नव्हतं.

"म्हणतत, एका हाताक डाग बरो दिसणा नाय. दुसऱ्या हाताक आम्ही जोड करू."

मला तर ते फारच पटलं. आत्ताच डॉक्टरही जोडीबद्दलच बोलली होती. क्षणभर मला वाटलं, काकू नुसत्या मनानंच मोठ्या नाहीत, त्यांनी वाचलेलंही दिसतंय. आत्या म्हणाली, दुसऱ्या हाताला जोड ह्या कशा करणार? आणि तेवढ्यात आई हातातलं ताट ठेवून खाली बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही तिथे 'डाग' म्हणालात?"

डाग हा शब्द मी मुलांना शिकवलेला आहे. चादरीवर पडला तर धुवायचा, चारित्र्यावर पडला तर धुता येत नाही, आणि सोन्याचा असला तर कुलपात ठेवायचा. आमच्या बाजूला दागिन्याला डागच म्हणतात. आई म्हणते, आत्या म्हणते, सगळी चाळ म्हणते. आत्या मालवणीत बोलली असती तर तिला कोड म्हणावंच लागलं असतं आणि काम तिथेच मिटलं असतं, इकडे किंवा तिकडे. पण ती दादरला गेली होती. तिनं सभ्य शब्द शोधला. आणि समोरची बाई, जी दादरला राहून शुद्ध बोलायला शिकली होती, तिनं तो गावच्या कानांनी ऐकला. मुलीच्या हाताला एक डाग आहे. वरवर दिसत नाही, म्हणजे रोज घालत नाहीत. लपवून ठेवत नाही, म्हणजे देणार आहेत. त्यावर त्या भल्या बाईनं भलेपणानंच सांगितलं होतं की दागिना तुमच्या खुशीचा, आम्ही काही मागत नाही. बोलताना दोघींनी एकमेकींचं मन राखलं होतं.

आत्या हसायला लागली आणि तिचं तिलाच थांबवता येईना, मग ती रडायला लागली. मला एवढंच कळत होतं की चार महिने जिच्याबद्दल मी शाळेत सांगत सुटले होते ती बाई माझ्याशी बोललीच नव्हती. ती एका दागिन्याशी बोलली होती.

मी म्हटलं, उद्या जाऊन सांगूया. आईनं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. तिचं म्हणणं साधं होतं. बोलणी झाली, हॉल ठरला, आता सांगितलं तर आपण चार महिने फसवलं असं होईल. न सांगितलं तर वन्संनी जे सांगितलं ते खरं करायचं एवढंच बाकी आहे. डाग आहे म्हणालो ना, मग डाग करू. चांगला रुंद, फिरकीचा तोडा. तो 'त्याच्या'वर बसेल. वन्सं खोट्या पडणार नाहीत आणि 'ते' दिसणार नाही. ह्या योजनेत तिला कुठेही खोट दिसत नव्हती, आणि खरं म्हणजे मलाही पटकन दाखवता येईना.

आईच्या दोन पाटल्या होत्या. वडील गेले त्या दिवशी तिनं त्या हातातून काढल्या होत्या आणि तेव्हापासून तिचे हात मोकळेच असायचे. त्या पाटल्या मोडून तोडा आला. मी नको म्हटलं, तिनं माझा हात धरून फिरकी फिरवली. लग्न होऊ दे, मग सांग, मग त्यांचं काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, बघते. आता सवय व्हायला हवी म्हणून तिनं तो मला रोज घालायला लावला, कारण नव्या दागिन्याचं अवघडलेपण लोकांच्या लक्षात येतं.

डॉक्टरच्या लक्षात आलंच. तिनं तोडा बघितला आणि चमचा डब्यात ठेवला. बरोबर त्याच जागी? मी सांगितलं, लग्न आहे, लाइट तोवर राहू दे. तिनं डबाच बंद केला. मग म्हणाली की त्या पेशी हाकेचीच वाट बघत बसलेल्या असतात आणि तुम्ही रोज त्यांच्या दारावर सोनं आपटताय. मला राग आला. तिचा नाही, कारण ती खरं बोलत होती. मला तोड्याखाली खाज येत होती आणि तो काढून बघायची हिंमत होत नव्हती, ह्याचा राग होता.

काकूंनी दादरच्या सराफाकडे बोलावलं तेव्हा लग्न जवळ आलं होतं. मंगळसूत्र घ्यायचं होतं आणि जोड करायची होती. आई आली नाही. आत्या आली, पण दुकानाच्या दारातच तिला ओळखीची कुणी भेटली आणि ती तिथेच रेंगाळली, मुद्दाम. काकूंनी मला शेजारी बसवलं, माझ्यासाठी पन्हं मागवलं, केसात अडकलेला फुलाचा देठ काढला. मला त्यांच्याबद्दल तेव्हाही प्रेमच वाटत होतं, हे आठवलं की आज माझं मलाच हसू येतं. सराफ म्हणाला, तोडा काढून द्या, जोडीचं माप घेतो. मी म्हटलं, फिरकी घट्ट आहे. काकू म्हणाल्या, थांब, मी काढते, आणि त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेऊन हलकेच फिरकी फिरवली.

तोडा निघाला आणि त्याच्या खाली दुसरा तोडा होता. चिंचोका त्याच्यात कधीच बुडून गेला होता. मनगटाभोवती तोड्याच्याच रुंदीचा पांढरा पट्टा, कडा अगदी रेखीव. सराफानं हातातल्या सोन्याकडे बघितलं आणि मग माझ्या हाताकडे, आणि त्याला कशाचं कौतुक करावं ते कळेना.

"काकू," मी म्हटलं, "आत्यानं सांगितला तो डाग हा. तोडा आम्ही नंतर केला."

त्यांना लगेच समजलं. हुशार होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला आधी ओशाळेपण दिसलं, 'डाग तुमच्या खुशीचा' हे आपण कशाला उद्देशून म्हणून बसलो ते कळल्याचं. ओरडल्या नाहीत. त्यांनी माझा हात मांडीवरून उचलून काचेच्या कपाटावर नीट ठेवला, जसा सराफ एखादी वस्तू परत ठेवतो. मग पदराला बोटं पुसली. सवयीनं असेल. मग सराफाला म्हणाल्या, "जोड राहू दे आत्ता."

पन्हं मी संपवलं. टाकून द्यायचं म्हणजे त्यांना वाईट वाटलं असतं.

निरोप आठवड्यात आला, आणि फार सभ्य होता. पत्रिका पुन्हा एकदा मोठ्या ज्योतिषाला दाखवली, तर दोघांची नाडी एक निघाली. पहिल्या वेळी वेगवेगळ्या असलेल्या नाड्या सराफाच्या दुकानात एक झाल्या होत्या. मुलाचा मेसेज आला, काळजी घे, ट्रीटमेंट सोडू नकोस. कोडाचं कुणीच काही बोललं नाही. सुधारलेली माणसं होती ती, असल्या कारणावरून लग्न मोडत नाहीत.

लग्न मोडल्याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. मला ज्यांचं वाईट वाटलं त्या काकू निराळ्याच होत्या. मी जशी आहे तशी ऐकून ज्या 'आम्ही माणूस बघतो' म्हणाल्या होत्या त्या. चार महिने मी त्यांच्या ओळखीत वावरले, बाही वर करून. त्या मेल्या असत्या तर सुतक तरी पाळता आलं असतं. त्या झाल्याच नव्हत्या. ह्यासाठी मी लाइटच्या रांगेत, काळ्या चष्म्याआड, बरेच दिवस रडले, आणि त्या चष्म्याचा तो एक उपयोग मला कळला.

पुढे माझ्या उजव्या मनगटावर एक बारीकसा पांढरा ठिपका आला. डॉक्टर म्हणाली, लवकर दिसला, बरं झालं. काकूंनी कबूल केलेली जोड शेवटी झाली, त्यांचा पैसाही न लागता. दोन्ही हात आता पेटीत असतात. उंदरांवरचं औषध माणसांपर्यंत कुठवर आलं ते मी दर खेपेला विचारते आणि डॉक्टर दर खेपेला घास गिळून सांगते, चाललंय.

आत्या बदलली. आता ती कुठल्याही स्थळाच्या घरी चहा यायच्या आधी सांगून टाकते, "चेडवाक कोड आसा." एकदम, मालवणीत, मोठ्यानं. चहा बऱ्याच घरी मग पातळ येतो. परवा तिनं रिक्षावाल्यालाही सांगितलं.

तोड्याचं काय करायचं हा प्रश्न राहिला. मला तो घालायचा नव्हता. मोडून पुन्हा पाटल्या करू म्हटलं तर आई नको म्हणाली. कपाटात पडून होता. ह्या वर्षी चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. प्रसाद वाटायला आई उठली, कपाट उघडलं, आणि वडील गेल्यापासून मोकळ्या असलेल्या हातात तिनं तो तोडा चढवला. तिच्या बारीक मनगटावर तो सैल होऊन घसरत होता.

प्रसाद घ्यायला बायका आमच्याच दारात जमल्या होत्या. दार सताड उघडं होतं. विरजणवाल्या काकींची नजर आधी आईच्या हातावर गेली, मग माझ्या. म्हणाल्या, काय गो, ह्या वयात नवा डाग केलास?

आईनं त्यांच्या हातावर शिरा ठेवला.

"डाग लेकीचा आहे," ती म्हणाली. "मी नुसता घालते."